वॉशिंग्टनचा युद्धखर्च आणि आपल्या गावाचं बजेट: संबंध नक्की कुठे लागतो?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे: "इराक-अफगाणिस्तान झालं, मग युक्रेन, इस्रायल. युद्धासाठी वॉशिंग्टनकडे कायम पैसा असतो. इकडे आमचा प्रॉपर्टी टॅक्स दरवर्षी वाढतो, शाळेतली संगीताची शिक्षिका गेली, सीनियर सेंटरचं दुपारचं जेवण पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आलं. या दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे, की ही नुसती भाषणात टाळ्या घेणारी जोडणी? आणि युद्धखर्च कमी झाला तर तो पैसा आमच्या गावात येईल का?"

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आधी काउंटीच्या ग्रँट विभागात आणि नंतर टाउनशिपच्या वित्त विभागात काम केलं आहे, त्यामुळे हा पैसा वरून खाली कसा झिरपतो आणि वाटेत कुठे अडतो ते जवळून पाहिलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. तो दिसत नाही, कारण कुठल्याही टाउनशिपच्या बजेटमध्ये "युद्धामुळे कपात" असं लेखाशीर्ष नसतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आपोआप येणार नाही. दोन्ही नीट उलगडून सांगतो.

आधी केंद्राच्या बजेटची रचना. २०२४ या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने सुमारे ६,७५० अब्ज डॉलर खर्च केले. यातला मोठा भाग सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, मेडिकेड यांचा, आणि तो कायद्याने ठरलेला; त्यासाठी दरवर्षी मतदान लागत नाही. सुमारे ८८० अब्ज नुसत्या व्याजात गेले. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षी बसून ज्याची वाटणी करते ती रक्कम साधारण १,८०० अब्ज, म्हणजे एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त. त्यातले जवळपास निम्मे, सुमारे ८५० अब्ज, संरक्षणाचे. उरलेल्या निम्म्यात बाकीचा सगळा संसार: गरीब वस्त्यांतल्या शाळांची मदत, घरभाड्याची व्हाउचर, हिवाळ्यात हीटिंगच्या बिलाला मिळणारी मदत, अग्निशमन दलांच्या ग्रँट, एफबीआय, नासा, राष्ट्रीय उद्यानं. तुमच्या टाउनशिपचा वॉशिंग्टनशी जो काही थेट व्यवहार आहे तो बहुतेक याच निम्म्यातून येतो.

आणि याच निम्म्यात आणखी एक खर्च बसतो, जो लोकांच्या लक्षात येत नाही. लढून परत आलेल्या सैनिकांच्या दवाखान्यांचा खर्च "संरक्षण" या सदरात धरत नाहीत, तो नागरी बाजूला धरतात. २०२४ साठी नागरी खर्चावर ७०४ अब्जांची मर्यादा ठरली होती, आणि त्यातले सुमारे १२० अब्ज एकट्या माजी सैनिकांच्या वैद्यकीय सेवेचे होते. (ही मर्यादा त्या वर्षी नव्याने मंजूर होणाऱ्या रकमेवर असते, म्हणून वरच्या प्रत्यक्ष खर्चाच्या आकड्यांशी ती जुळत नाही.) हा खर्च झालाच पाहिजे. ज्याने पाय गमावला त्याचं आपण देणं लागतो. पण विचार करा: युद्ध सुरू करताना हा खर्च कुणी मोजला नव्हता, आणि आज तो वाढतो तेव्हा लढाऊ विमानांच्या वाट्याला हात लागत नाही, त्याच पेटीतल्या फुटपाथांचा, शाळांचा वाटा आकसतो. युद्ध संपल्यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याचं बिल नागरी खात्यावर पडत राहतं. माझ्या मते संबंध सर्वांत आधी इथे लागतो.

मर्यादेचा मुद्दा निघालाच आहे तर तोही सांगतो. २०११ साली आणि पुन्हा २०२३ साली काँग्रेसने दोन्ही बाजूंच्या खर्चावर कायद्याने लगाम घातला. २०२३ च्या कायद्यात २०२४ साठी संरक्षणाला ८८६ अब्ज आणि नागरी खर्चाला ७०४ अब्ज अशी सीमा होती, आणि पुढच्या वर्षी दोन्हींना फक्त १ टक्का वाढ. कागदावर दोघांना सारखा नियम. पण एप्रिल २०२४ मध्ये युक्रेन, इस्रायल आणि तैवानसाठी ९५ अब्जांचं पॅकेज "तातडीचा खर्च" म्हणून या सीमेच्या बाहेर मंजूर झालं. आधीच्या दशकात अफगाणिस्तान आणि इराकसाठी असंच वेगळं खातं होतं, आणि २०१३ मध्ये सरसकट कपात झाली तेव्हा संरक्षण खात्याला त्या खात्याचा मोठा आधार मिळाला. वादळ-पुराच्या मदतीलाही हे तातडीचं दार उघडतं; सँडी वादळानंतर आपल्या राज्याला त्यातूनच पैसा आला. पण सीनियर सेंटरच्या स्वयंपाकघराला हे दार कधीच उघडत नाही. तिथली निकड तातडीची मानली जात नाही, कारण ती रोजची असते.

आता तुमच्या जेवणाच्या प्रश्नाकडे येतो, कारण ही गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

अशी जेवणं, फूड पँट्री, शाळा सुटल्यावरचे मुलांचे वर्ग यांना बऱ्याच गावांत सीडीबीजी नावाच्या ग्रँटचा आधार असतो. १९७४ च्या कायद्याने ती सुरू झाली. गृहनिर्माण आणि नगरविकास खातं, ज्याला इथे सगळे "हड" म्हणतात, ती शहरांना आणि काउंट्यांना एका सूत्राने वाटतं. २००१ साली ही रक्कम देशभरात सुमारे ४.४ अब्ज होती. २०२४ मध्ये ३.३ अब्ज. मधल्या काळात किमती तीन-चतुर्थांशाहून जास्त वाढल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने ही ग्रँट निम्म्याहूनही कमी उरली. शिवाय वाटेकरी वाढले. सुरुवातीला थेट हक्कदार शहरं आणि काउंट्या सहाशेच्या आसपास होत्या, आज त्या बाराशेच्या वर आहेत.

या ग्रँटमधून माणसांच्या सेवेवर जास्तीत जास्त १५ टक्के खर्च करता येतो. बाकीचा पैसा बांधकामाला, घरदुरुस्तीला, फुटपाथच्या उतारांना. म्हणून दरवर्षी समितीच्या टेबलावर त्या १५ टक्क्यांसाठी अर्जांची थप्पी असते. सीनियर जेवण, अंध व्यक्तींची वाहनसेवा, घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांचं निवारागृह, इंग्रजीचे वर्ग. सगळे अर्ज खरे, सगळ्यांची गरज खरी. समितीतली माणसं भली असतात. कुणालाच "नाही" म्हणवत नाही, म्हणून सगळ्यांना थोडं-थोडं कापून देतात. सीनियर सेंटरला गेल्या वर्षीइतकीच रक्कम मिळते आणि सगळे म्हणतात, "चला, निदान कपात तरी झाली नाही." पण स्वयंपाकीणबाईंचा पगार वाढलेला असतो, गॅस वाढलेला असतो, अंडी-भाजी वाढलेली असते, व्हॅनच्या विम्याचा हप्ता वाढलेला असतो. पहिल्या वर्षी शुक्रवारचं जेवण गरमऐवजी थंड सँडविचवर येतं. पुढच्या वर्षी शुक्रवार जातो. त्यानंतर आणखी एक दिवस. कुणीही कुठेही कपातीचा ठराव केलेला नसतो. तुमच्या गावात पाचाचे तीन दिवस झाले ते बहुधा असेच झाले असणार.

हे सगळं युद्धामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. करकपाती झाल्या, आरोग्यखर्च वाढला, राज्य सरकारांनी आपापले हात आखडते घेतले. पण दोन पारड्यांपैकी एकाला बाहेरून भर घालायची सोय आहे आणि दुसऱ्याला नाही, हे काही निसर्गाने घडलेलं नाही. ते मतदानाने ठरवलेलं आहे.

शाळेचंही तेच, फक्त तिथे वाट वेगळी. केंद्राने १९७५ च्या कायद्याने विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, आणि त्यासाठी देशातल्या दर मुलामागच्या सरासरी शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा उचलायचं कबूल केलं. तो वाटा आजवर एकदाही मिळालेला नाही. गेली कित्येक वर्षं तो १५ टक्क्यांच्याही खाली आहे. हक्क मात्र कायम आहे, आणि तो असलाच पाहिजे. आपल्या मराठी घरांत ज्यांच्या मुलांचा आयईपी (विशेष गरजांसाठी शाळेने आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) आहे त्यांना त्याचं मोल सांगायला नको. मग उरलेलं कोण भरतं? थोडं राज्य, आणि बाकी गावाचा प्रॉपर्टी टॅक्स. न्यू जर्सीत २०११ पासून ही करवसुली वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, काही अपवाद सोडले तर. वरून वाटा येत नाही, खालून कर वाढवता येत नाही. कायद्याने हात लावता येत नाही असे खर्च बाजूला ठेवले की हात लावण्याजोगं जे उरतं त्यात संगीत, चित्रकला, ग्रंथपाल येतात. यावरून शाळेच्या बैठकीत पालक एकमेकांवर तुटून पडतात, विशेष मुलांच्या आईवडिलांना ऐकवलं जातं की तुमच्या मुलामुळे आमच्या मुलाचा वर्ग गेला. हे ऐकून मला फार त्रास होतो, कारण पैसे ज्याने थकवले तो त्या खोलीत नसतोच.

सांडपाण्याच्या बिलाला तर इतिहासच आहे. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात केंद्र सांडपाणी प्रकल्पांच्या खर्चाचे ७५ टक्के अनुदान देत असे. १९८१ मध्ये ते ५५ टक्के करायचं ठरलं. १९८७ मध्ये अनुदानाची पद्धतच बंद करून कर्जाची आणली. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, निक्सन यांच्या काळात सुरू झालेली महसूल-वाटणी बंद झाली. तिच्यात देशातल्या सुमारे ३९,००० स्थानिक संस्थांना विनाअट पैसा मिळत असे. रेगन सरकारने करकपात आणि संरक्षणवाढ एकाच वेळी केली होती, तूट वाढली होती, आणि ती भरायला जिथे विरोध कमी तिथे हात घातला गेला. आज सीवरचं तिमाही बिल उघडता तेव्हा त्यात त्या कर्जपद्धतीचे हप्तेही असतात.

आता व्याज. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६८ मध्ये, जॉन्सन सरकारने निदान आयकरावर १० टक्के अधिभार तरी लावला होता. लोकांना युद्धाची किंमत खिशात जाणवली. २००१ आणि २००३ मध्ये उलट झालं: युद्धं सुरू झाली आणि कर कमी केले गेले. सगळं उधारीवर. ब्राउन विद्यापीठातल्या "कॉस्ट्स ऑफ वॉर" प्रकल्पाने २०२१ मध्ये ११ सप्टेंबरनंतरच्या युद्धांचा हिशेब सुमारे ८,००० अब्ज डॉलर मांडला. त्यात सैनिकांच्या पुढच्या काळजीचे २,२०० अब्ज धरलेले आहेत. कर्ज इतकं वाढलं की २०२४ मध्ये व्याजाचा खर्च संरक्षणाच्याही पुढे गेला. युद्धं हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण मोठ्या कारणांपैकी एक नक्की. आणि केंद्राची उधारी महागली की आपली पण महागते, कारण म्युनिसिपल बाँडचे दर सरकारी रोख्यांच्या मागोमाग जातात. तुमच्या गावाने शाळेच्या इमारतीसाठी ४ कोटी डॉलरचे बाँड काढले आणि दर १ टक्क्याने जास्त पडला, तर सुरुवातीला वर्षाला ४ लाख डॉलर जादा. म्हणजे चार-पाच शिक्षकांचे पगार.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उत्तर अपुरं राहील. अशी गावं आहेत ज्यांचं पोट या खर्चावर चालतं. आपल्याच राज्यातलं फोर्ट मॉनमथ घ्या. २००५ मध्ये तळ बंद करायचं ठरलं, सप्टेंबर २०११ मध्ये तो बंद झाला, काम मेरीलँडमधल्या अबर्डीनला गेलं. ईटनटाउन, ओशनपोर्ट, टिंटन फॉल्स या तीन गावांच्या हद्दीतला तो तळ. तिथे पाच हजारांच्या आसपास नागरी नोकऱ्या होत्या. त्या गेल्यावर आजूबाजूची हॉटेलं, गॅरेज, पाळणाघरं यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. जागा पुन्हा कामाला लागायला दशकाहून जास्त काळ गेला; आता तिथे नेटफ्लिक्सचा स्टुडिओ उभा राहतो आहे. कनेटिकटमधलं ग्रोटन पाणबुड्यांवर जगतं, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थमध्ये एफ-३५ विमानं बनतात. तिथल्या महापौरांना "संरक्षण खर्च कमी करा" म्हणणं म्हणजे गिरणगावात जाऊन गिरण्या बंद करा म्हणणं. त्यांची भीती खरी आहे, आणि पर्यायी कामाची सोय न करता कपातीची भाषा करणारे लोक मला पटत नाहीत.

तरीही रोजगाराच्या हिशेबाने हा पैसा महाग पडतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले रॉबर्ट पोलिन आणि हायडी गॅरेट-पेल्टिअर यांनी २०११ मध्ये काढलेला आकडा असा: १ अब्ज डॉलर संरक्षणात घातले तर सुमारे ११,२०० नोकऱ्या, आरोग्यसेवेत १७,२००, शिक्षणात २६,७००. शिवाय यातल्या बऱ्याच संरक्षण नोकऱ्यांना नागरिकत्व आणि सुरक्षा मंजुरी लागते. एच-वन-बी वर आलेल्या आपल्या इंजिनिअर मुलामुलींना त्या दाराच्या आत जाताच येत नाही; त्यांना आणि त्यांच्या मुलांना उपयोगी पडते ती गावची शाळा आणि ग्रंथालय.

माणसांचं नुकसान आकड्यांत धरत नाहीत. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव सैनिकी दलात, असलेले पोलीस आणि अग्निशामक बोलावणं आलं की वर्षभर जातात. नोकरी राखून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, ते योग्यच, पण पाळ्या भरायला ओव्हरटाइम गाव देतं. मे २००७ मध्ये कॅन्सासमधलं ग्रीन्सबर्ग गाव टोर्नेडोने जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं, तेव्हा राज्यपाल कॅथलीन सिबेलियस यांनी जाहीरपणे तक्रार केली की गार्डचे ट्रक आणि यंत्रं इराकमध्ये असल्यामुळे मदतीचं काम रेंगाळतं आहे. उलट दिशेने, लष्कराची उरलेली चिलखती वाहनं गावच्या पोलिसांना फुकट मिळतात. वाहन फुकट, पण देखभाल आणि सुटे भाग गावाच्या माथी. अशी ऑफर आली की मी नेहमी पहिला प्रश्न विचारत असे: पुढच्या पाच वर्षांचा दुरुस्तीचा खर्च कुठल्या लेखाशीर्षातून?

हिशेब तपासणीबद्दल एक गोष्ट मन मोकळं करून सांगतो. एखाद्या टाउनशिपने वर्षात ठरावीक मर्यादेहून जास्त केंद्रीय पैसा खर्च केला (ही मर्यादा बरीच वर्षं साडेसात लाख डॉलर होती) तर तिचं वेगळं ऑडिट होतं. एका फुटपाथच्या उताराचं बिल, कंत्राटदाराच्या मजुरांचे वेतनपट, जाहिरातीचं कात्रण, सगळं फाइलमध्ये लागतं. एक कागद नसला की शेरा येतो, आणि पुढच्या ग्रँटला त्याचा जाच होतो. पेंटॅगॉनचं पूर्ण ऑडिट २०१८ मध्ये पहिल्यांदा झालं, आणि २०२४ पर्यंत सलग सात वर्षं ते उत्तीर्ण झालं नाही. त्याचा वाटा तरीही वाढत राहिला. ज्यांनी आयुष्यभर पै-पैचा हिशेब दिला त्यांना हे लागतं.

आता दुसरा प्रश्न: युद्ध थांबलं तर पैसा येईल का?

अनुभव सांगतो की नुसतं युद्ध थांबून काही येत नाही. शीतयुद्धानंतर संरक्षण खर्च देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात निम्म्यावर आला, पण ती बचत मुख्यतः तूट भरण्यात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून सैन्य परतलं, आणि त्याच वर्षी काँग्रेसने संरक्षणासाठी राष्ट्राध्यक्षांनी मागितले त्याहून सुमारे २५ अब्ज जास्त मंजूर केले. तुमच्या गावाने युद्धासाठी किती कर भरला हे दाखवणारे आकडे तुम्ही पाहिले असतील. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टनला १९८३ मध्ये सुरू झालेला नॅशनल प्रायॉरिटीज प्रोजेक्ट हे काम करतो आणि चांगलं करतो. पण तो आकडा तुमच्या करदात्यांच्या वाट्याचा आहे. तेवढी रक्कम गावाला मिळाली असती असा त्याचा अर्थ काढू नका.

पैसा गावापर्यंत यायला आधी वाहिनी असावी लागते. वाहिनी असली आणि इच्छा असली तर किती पटकन येतो तेही आपण पाहिलं: मार्च २०२१ च्या कोविड पॅकेजमध्ये राज्यं आणि स्थानिक संस्थांना ३५० अब्ज डॉलर मिळाले, आणि मोठ्या शहरांचा वाटा सीडीबीजीच्याच सूत्रावर बेतून ठरवला गेला. म्हणूनच ही जुनी, रटाळ नावाची ग्रँट टिकवणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. २०१७ मध्ये ती बंद करायचा प्रस्ताव आला होता. दोन्ही पक्षांच्या महापौरांनी आवाज उठवला, आणि काँग्रेसने ती बंद तर केली नाहीच, पुढच्या वर्षी वाढवली. २०२६ च्या प्रस्तावात पुन्हा तीच ग्रँट आणि हीटिंगची मदत शून्यावर, नागरी खर्च १६३ अब्जांनी कमी, आणि संरक्षण साधारण १,००० अब्जांवर नेण्याची मागणी होती. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. पण जुलै २०२५ मध्ये जो कायदा झाला त्यात संरक्षणाला सुमारे १५० अब्ज जादा मिळाले, आणि अन्नसाहाय्याच्या, म्हणजे स्नॅपच्या, प्रशासकीय खर्चातला राज्य-काउंटीचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ५० वरून ७५ टक्के करायचं ठरलं. न्यू जर्सीत स्नॅपचं काम काउंट्या करतात. तेव्हा काउंटीच्या करबिलावर लक्ष ठेवा.

करता काय येईल? खासदाराला पत्र लिहाच, पण गावाच्या एका ठोस कामाचं नाव घेऊन लिहा. वसंत ऋतूत खासदारांची कार्यालयं अशा स्थानिक कामांचे अर्ज मागवतात, आणि टाउनशिपने तो भरावा यासाठी हिवाळ्यातच कौन्सिलच्या बैठकीत विषय काढावा लागतो. टाउनशिपच्या बजेटच्या सुनावणीत ग्रँटच्या उत्पन्नाचे दहा वर्षांचे आकडे मागा. नुसत्या मागच्या वर्षीशी तुलना केली तर घसरण दिसत नाही. आणि सीडीबीजीच्या वार्षिक आराखड्याच्या सुनावणीला जा. वर्षाला किमान दोन सुनावण्या घ्याव्याच लागतात, मसुदा ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवावा लागतो, आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा आराखड्याला जोडून हडकडे पाठवावा लागतो. मी अशा कित्येक सुनावण्या घेतल्या आहेत. बहुतेक वेळा समोर संस्थांचे प्रतिनिधी असायचे आणि रहिवासी कुणीच नाही. बोलायला नागरिक असण्याची अट नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेले, भारतातून येऊन इथे मुलांकडे राहणारे आजी-आजोबा, सगळ्यांना बोलता येतं, आणि सीनियर सेंटरमध्ये जेवणाऱ्या माणसाने स्वतः सांगितलेली गोष्ट त्या समितीत माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त काम करत असे.